पहिलं नको

अट्रॅक्टाने सोनेरी झगा उलटा केला आणि काखेपासून कमरेपर्यंतची शिवण ब्लेडने उसवायला घेतली. कापड हॉटेलच्या जुन्या पडद्याचं, जाड आणि हट्टी; दोरा तुटताना दाताखाली खडा आल्यासारखा आवाज करणारं. शिवला तेव्हा तिने तो स्वतःच्या मापाने शिवला होता, आणि तिचं माप म्हणजे भरल्या अंगाच्या बाईचं माप. आता तो क्लोडा नावाच्या कुण्या मुलीच्या अंगावर बसवायचा होता. मापांवरून तरी क्लोडा पुढून पाहा नाहीतर मागून पाहा, सारखीच. दोन्ही बाजूंनी चार-चार बोटं आत घ्यावी लागणार होती, आणि छातीशी काय करायचं ते देवालाच ठाऊक.

मशीन तिने पुढच्या खिडकीशी ओढून घेतलं होतं. तिथे उजेड चांगला येतो असं ती सांगे. खरं तर तिथून रस्ता दिसतो, आणि रस्त्यावरून जाणाऱ्यालाही ती दिसते, डोकं खाली घालून कामात बुडालेली. जिच्यामागे एवढं काम आहे ती काही कुणाची वाट बघत बसलेली नाही, हे लोकांना कळायला तेवढं पुरेसं होतं.

मागच्या खोलीत रेडिओ चालू होता. त्या खोलीत कोणी नव्हतं. दार ती मुद्दाम लोटून ठेवायची, म्हणजे शब्द कळत नाहीत, नुसता आवाज येत राहतो. आत कुणीतरी कुणाशी बोलत बसलंय असा. आई गेल्यापासूनची ही सवय. भाऊ बोस्टनला, त्याचं कार्ड नाताळात येई, खाली त्याच्या बायकोच्या अक्षरात सगळ्यांची नावं. बाकी घरात ती आणि मागच्या अंगणात कोंबड्या.

आणि कोल्ड हॅम सिस्टर्स. अट्रॅक्टा, गोरेटी आणि फिडेल्मा, तिघी बहिणी नव्हत्या, पण गावोगावच्या हॉलांत त्याच नावाने गायच्या. नाव गोरेटीने ठेवलेलं. मयताच्या घरी थंड हॅमचे, म्हणजे खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, काप असतातच, मागत कुणी नाही, पण शेवटी ताट रिकामं होतं ते त्यांचंच. आपलं तसं आहे, असं ती म्हणे. वर सोनेरी झगे आणि खाली गोठ्यात घालायचे काळे गमबूट, असल्या अवतारात तिघी उभ्या राहिल्या की गाणं सुरू व्हायच्या आधीच निम्मा हॉल हसलेला असे. गोरेटी वरच्या पट्टीत गाई आणि डोळे फिरवी. फिडेल्मा, शाळेच्या ऑफिसात बसणारी, कारण नसताना रडे. अट्रॅक्टा गळ्यात अकॉर्डियन अडकवून मख्ख तोंडाने वाजवी, आणि लोक तिच्याच तोंडाकडे बघत पोट धरून हसत. नव्या फादरला जेवू कोण घालणार यावरून तीन बायका भांडतात, त्याचा फ्रिजर मटणाने गच्च भरून टाकतात, आणि शेवटी फादर मांसच खात नाही असं निघतं, त्या गाण्याला तर बायका खुर्च्यांवर उभ्या राहायच्या. ते शब्द अट्रॅक्टाने रचलेले. तिच्याकडे बघून कुणाला ते खरं वाटलं नसतं, आणि तिने कुणाला सांगितलंही नाही.

तर डब्लिनच्या एका नाट्यगृहाने त्यांना बोलावलं. एका दिवसासाठी नव्हे, चांगलं दीड महिन्यासाठी, रोज संध्याकाळी.

बोलणं झालं ते रविवारी, प्रार्थनेनंतर, गावातल्या हॉटेलात सूप पिता पिता. कार्यक्रम ठरवायचं काम आनेका करायची. ती मूळची हॉलंडची. इथल्या माणसाशी लग्न करून आली, पुढे माणूस निघून गेला आणि ती राहिली. बाई कामाची, पण तिचं बोलणं म्हणजे दार उघडून सरळ आत. तिने सगळं सांगितलं. नाट्यगृह कुठे, पोस्टर कसं, तिघींसाठी एक घर भाड्याने घेतलंय, वर तीन खोल्या, खाली स्वयंपाकघर. मग अट्रॅक्टाच्या खुर्चीला टेकवलेल्या काठीकडे बघून तिने विचारलं, की रोजचं उभं राहणं आहे, तुम्हाला यायचं आहे ना.

अट्रॅक्टाच्या मनात तेव्हा नाट्यगृह नव्हतंच. ते घर होतं. वर तीन खोल्या. सकाळी आपण जिना उतरून खाली यावं आणि कुणीतरी आधीच उठलेलं असावं, किटली गरम असावी, टेबलावर कुणाच्यातरी पावाचे तुकडे सांडलेले असावेत. तेवढ्यासाठी ती डब्लिनला चालत गेली असती.

"छे गं, मी कशाला," ती म्हणाली. "मी म्हातारी तुमच्या पायात पायात येणार. तुम्हीच जा आपल्या."

आता या भागात कुणालाही विचारा. पहिलं नको नुसतं तोंडाचं असतं. समोरच्याने पुन्हा विचारायचं, मग आपण एखादी अडचण काढायची, समोरच्याने ती उडवून लावायची, आणि तिसऱ्यांदा विचारलं की म्हणायचं, बरं, तुमचा एवढा आग्रहच आहे तर. त्याशिवाय माणूस खुर्चीत बसत नाही, कोट काढत नाही, केकचा तुकडा उचलत नाही. अट्रॅक्टाची आई एकदा गारांच्या पावसात बाजारातून घरापर्यंत पायी आली होती, कारण शहरातून आलेल्या नव्या पाद्र्याने गाडीत बसता का असं एकदाच विचारलं. बिचारा पाद्री पुढे बदली होऊन गेला तरी या रस्त्यावर त्याला कुणी माफ केलं नाही.

अट्रॅक्टाची पुढची वाक्यं तयार होती. कोंबड्यांकडे कोण बघेल, हे दुसरं. तिसरं तर ठरलेलंच.

"बरं," आनेका म्हणाली. "स्पष्ट सांगितलंत ते बरं झालं." आणि तिने पोराला हाक मारून लोणी मागवलं.

गोरेटी सूपमध्ये चमचा फिरवत होती, तळाशी काही हरवलं असावं तशी. फिडेल्मा वाकून टेबलाखाली हातमोजा शोधत होती. तयार वाक्यं अट्रॅक्टाच्या तोंडातच राहिली. तिने पावाला लोणी लावलं आणि ती वाक्यं पावासोबत गिळून टाकली.

त्यानंतरचे दिवस तिने आनेकाला शिव्या घालत काढले. मोठ्याने नव्हे, कोंबड्यांना दाणे टाकताना, चुलीतली राख काढताना. परकी बाई, तिला काय कळणार. जिच्या देशात हो म्हणजे हो आणि नको म्हणजे नको, त्या देशात माणसं एकमेकांच्या घरी जातात तरी कशी, आणि जाऊन खातात काय. पण गोरेटी आहे ना. गोरेटी याच रस्त्यावर जन्मलेली, चार घरं सोडून. दोघींचा बाप्तिस्मा एकाच रविवारी झाला आणि शाळेत दोघींना एकच बाक. ती आज नाहीतर उद्या फोन करेल आणि ओरडेल, काय गं बावळटासारखी बोललीस त्या बाईसमोर, चल, बॅग भर. अट्रॅक्टा कोंबड्यांचं काढील. गोरेटी म्हणेल, कोंबड्या मर्फीची सून बघेल. मग अट्रॅक्टा म्हणेल, बरं बाई.

या भरवशावर ती बसने स्लायगोला जाऊन एक गाऊन घेऊन आली, सकाळी अंगावर घालायचा, निळा, जाडसर. एकट्या बाईला सकाळी जुना कोटही चालतो. गाऊन लागतो तो कुणीतरी बघणार असेल तर. तो अजून दुकानाच्या कागदात पलंगावर होता, आणि रात्री झोपताना ती तो उचलून खुर्चीवर ठेवी.

फोन आला, पण फिडेल्माचा. ती बोलताना नेहमीच अंग चोरते, त्या दिवशी तर आवाजही चोरत होती. क्लोडा म्हणून एक मुलगी मिळाली आहे, अकॉर्डियन वाजवते, गातेही बरी. झगा तुझ्याकडेच आहे ना. तुला त्रास नको हं, स्लायगोला एक बाई आहे शिवणारी, तिच्याकडे देऊ.

माझ्या हातचा झगा दुसरी बाई उसवणार नाही, असं अट्रॅक्टाने सांगितलं आणि मापं विचारली. मापं ऐकून तिने पुन्हा विचारली, कारण तिला वाटलं फिडेल्मा चुकून हाताचं माप सांगतेय.

म्हणून हे उसवणं. दुपारपर्यंत दोन्ही बाजू आत गेल्या, छातीला चुण्या पडल्या, खालची पट्टी सोडून लांबी वाढली. तिने झगा हँगरला अडकवून दाराच्या चौकटीवर टांगला. आता तो तिचा दिसत नव्हता, आणि ते एका परीने सोयीचं होतं.

गाडी वळली तेव्हा ती खाली वाकून सुया वेचत होती. इथली माणसं घराच्या मागच्या दाराने येतात. पुढच्या दाराने येतात ते पाद्री, पोलीस आणि आनेका. पण आज तिच्या पाठोपाठ गोरेटीही पुढच्याच दाराने आत आली, पायपुसण्यावर दोन्ही बूट घासून, एखाद्या परक्या घरी आल्यासारखी.

"झाला का गं?" गोरेटीने झग्याला विचारावं तसं विचारलं.

"झाला. त्या मुलीला म्हणावं, जरा बटाटे खा. याहून आत घेतला असता तर छत्रीची पिशवी झाली असती."

गोरेटी हसली. तिचं हसणं हॉलच्या शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारं. एवढ्याशा खोलीत ते जास्तच झालं. अट्रॅक्टाने दोघींना बसायला सांगितलं. आनेका लगेच बसली. गोरेटी नको म्हणाली, आता निघायचंच आहे म्हणाली, तेव्हा अट्रॅक्टाने पुन्हा सांगितलं, आणि पुन्हा. मग ती बसली, खुर्चीच्या कडेवर.

थोडा वेळ हवेवर बोलणं झालं, मग फिडेल्मावर. ती डब्लिनला स्वतःची उशी घेऊन जाणार होती, आणि भाड्याच्या घराला डाग पडू नयेत म्हणून स्वतःची चहाची गाळणीही. आनेका मात्र झग्याकडे बघत होती. तिने उठून आतली शिवण बोटांनी चाचपली, एवढे बारीक टाके कुठे बघितले नाहीत म्हणाली, आणि त्याच श्वासात मागे वळली.

"तुम्हाला वाईट वाटतंय का?"

असला प्रश्न त्या घरात कधी कुणी विचारला नव्हता. आई मेली तेव्हाही लोकांनी हात हातात घेतले होते, प्रश्न विचारला नव्हता.

"कशाचं?" अट्रॅक्टा म्हणाली. "पडद्याचं?"

आनेका हसली नाही. "त्या रविवारी तुम्ही नको म्हणालात. मला इथे येऊन बरीच वर्षं झाली. पहिलं नको धरायचं नसतं, हे मला माहीत आहे. सासूने शिकवलं, उपाशी ठेवून. म्हणून बाहेर पडल्यावर मी गोरेटीला विचारलं, परत आत जाऊ का, पुन्हा विचारू का. गोरेटी म्हणाली, गरज नाही. अट्रॅक्टाचं नको हे नकोच असतं."

मागच्या खोलीत रेडिओवर कुणीतरी काहीतरी सांगत होतं. गोरेटीने काढून ठेवलेले हातमोजे मांडीवरून उचलले आणि एक एक बोट नीट बसवत पुन्हा घातले.

"तसंच आहे ना?" आनेकाने विचारलं. "क्लोडाशी अजून पक्कं काही केलेलं नाही. आजही बदलता येईल. फक्त मला नीट सांगा."

इतके दिवस जिची वाट बघितली ती दुसऱ्यांदाची विचारणा अशी पुढच्या दाराने चालत आली होती. कोंबड्यांचं वाक्य जिभेवर आलंही. अट्रॅक्टाने गोरेटीकडे पाहिलं. गोरेटी चुलीकडे बघत होती. तिच्या मानेवर लाल चट्टे उठले होते. लहानपणी खोटं बोलताना उठायचे तसलेच, तिथल्या तिथे.

आणि मग अट्रॅक्टाला बॅलिमोटचा हॉल आठवला. उजव्या बाजूचे लोक अजून हसत होते, पण तिच्या त्या बाजूच्या कानाला ते ऐकूच आलं नाही, आणि तिला वाटलं हसणं संपलं. तिने पुढचं कडवं उचललं ते सरळ गोरेटीच्या वाक्यावर, गोरेटीच्या सगळ्यात चांगल्या वाक्यावर. त्याच्या पुढच्या गावात तिने तेच कडवं दोनदा वाजवलं. दोन्ही वेळा गोरेटी गमबुटात पाय अडकून पडली, अट्रॅक्टाची चूक झाकायला मुद्दाम पडली, आणि लोकांना तो कार्यक्रमाचाच भाग वाटला. परतताना गाडीत गोरेटीने गुडघा चोळत रस्त्यावरच्या खड्ड्यांना नावं ठेवली होती. त्या दोन्ही दिवशी अट्रॅक्टाला वाटलं होतं, गोरेटी आता म्हातारी व्हायला लागली, तोल जातो.

तिने झग्याच्या खांद्यावरचा एक दोरा चिमटीत धरून तोडला.

"गोरेटीची आणि माझी ओळख बाप्तिस्म्यापासूनची आहे," ती आनेकाला म्हणाली. "ती सांगते ते बरोबरच असणार."

आनेकाने तिच्याकडे एक क्षण नीट पाहिलं, मान डोलावली, आणि आपल्याला हवं तेवढं स्पष्ट कळलं अशा चेहऱ्याने तिचा हात हातात घेऊन दाबला. पहिल्या दिवशीची तिकिटं पाठवते, पुढची रांग, असं ती म्हणाली. मग गाडी वळवून घेते म्हणून बाहेर गेली. गल्ली अरुंद, तिला वळवायला वेळ लागे.

गोरेटीने झगा हँगरवरून काढून हातावर घेतला. घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. तिला लगेच जाता आलं असतं. पण या रस्त्यावरची माणसं कुणाच्या घरातून अशी गप्प उठून जात नाहीत. काहीतरी गोड बोलून मग पाय बाहेर टाकतात. तिने झग्याची तारीफ केली. चुलीची केली. कोंबड्या कशा आहेत विचारलं. क्लोडाला अजून गमबूट घालून चालता येत नाही, बदकासारखी चालते, आणि तेही हसू येण्यासारखं नाही, असं सांगितलं. अट्रॅक्टाने हूं म्हटलं.

"तू नसलीस की मजा नाही गं," गोरेटी म्हणाली.

अट्रॅक्टा मशीनशी जाऊन बसली. तिने दोऱ्याचं रीळ काढून डब्यात टाकलं.

"खरं सांगते, माझाही पाय निघत नाही." आता गोरेटीचा आवाज तिच्या सवयीच्या पट्टीत आला होता, गाण्यातला. दाराकडे अर्धी वळून, झगा छातीशी धरून ती बोलत होती. "तू नाहीस तर मी तरी कशाला जाऊ? त्या दोघी घेतील आपलं बघून. आत्ता बाहेर जाते आणि तिला सांगते, माझ्याही जागी दुसरी शोध म्हणून. मी राहते इथेच, तुझ्यासोबत."

यावर काय म्हणायचं असतं ते दोघींना पाळण्यातल्यापासून ठाऊक होतं. वेडी की काय तू, म्हणायचं. माझ्यासाठी कशाला राहतेस, म्हणायचं. हात धरून तिला दाराबाहेर ढकलायचं, आणि ती जाता जाता आणखी एकदा म्हणणार, आणि आपण आणखी एकदा नको म्हणणार. गोरेटीने तेवढी जागा ठेवून श्वास घेतला होता.

"बरं," अट्रॅक्टा म्हणाली.

गोरेटी आधी हसली. मग तिने अट्रॅक्टाच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे काही नव्हतं. नेहमीचं, हॉलभर लोकांना हसवणारं ते तोंड तेवढं होतं.

"बरं म्हणजे?"

"मधली खोली रिकामीच आहे. ऊन सकाळचं येतं तिथे." अट्रॅक्टाने मशीनवर झाकण ठेवलं आणि दोन्ही बाजूंच्या कड्या लावल्या. "सांग जा तिला. ती गाडी वळवून उभी आहे."

बाहेर आनेकाने हॉर्न दिला, एकदाच, छोटा. गोरेटी दारात होती. दाराची मूठ तिच्या हातात होती, झगा दुसऱ्या हातावर, आणि तिची मान कानापर्यंत लाल झाली होती. अट्रॅक्टा खिडकीतून रस्त्याकडे बघत बसली. आता कुणीतरी गोरेटीला जा म्हणायला हवं होतं.